पोर्ट लुई: साडेबारा लाख लोकांच्या देशाचं एकच दार, आणि त्या दारातल्या वहीत नोंदलेली मराठी माणसं

भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. पावसाळ्यात या गावाचं नाव सतत बातम्यांत असतं, कारण वैनगंगेची पाणीपातळी कारध्याला मोजली जाते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी कारध्याच्या पुलाखालून गेलेलं पाणी प्राणहिता आणि गोदावरीतून वाहत शेवटी बंगालच्या उपसागरात, म्हणजे हिंदी महासागरातच पोचतं.

त्याच महासागरात, मुंबईपासून साडेचार हजारांहून जास्त किलोमीटर नैऋत्येला, एक छोटा देश आहे. नाव मॉरिशस. २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती १२ लाख ३३४. मॉरिशस या अख्ख्या देशाची लोकसंख्या आहे साडेबारा लाखांच्या आसपास. क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या साधारण निम्मं.

आता विचार करा. भंडारा जिल्ह्यात राहतात तेवढ्या लोकांचा तांदूळ, पेट्रोल, औषधं, गाड्या, सिमेंट असं सगळं एकाच दारातून आत येत असेल, तर त्या दाराला केवढं महत्त्व येईल? वजनाने मोजलं तर मॉरिशसच्या परदेशी व्यापारातला जवळपास ९९ टक्के माल एकाच बंदरातून ये-जा करतो. ते बंदर म्हणजे पोर्ट लुई, देशाची राजधानी.

याच दारातून फक्त माल आला नाही, तर माणसंही आली. त्यात रत्नागिरीची होती, साताऱ्याची होती, कोल्हापूरची होती. पोर्ट लुई हे आफ्रिकेतलं एक शहर असलं, तरी त्याची गोष्ट थोडी आपलीही आहे ती त्यामुळे.

आफ्रिकेतलं की भारताजवळचं?

नकाशात मॉरिशस शोधायचं तर आधी आफ्रिकेच्या आग्नेयेला असलेलं मादागास्कर हे मोठं बेट शोधा. त्याच्या पूर्वेला आठशेहून जास्त किलोमीटरवर मॉरिशस आहे. आफ्रिकेची मुख्य भूमी तिथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. तरीही हा देश आफ्रिकन संघाचा सदस्य आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघ त्याची मोजणी पूर्व आफ्रिकेत करतो. त्यामुळे पोर्ट लुई ही आफ्रिकेतलीच एक राजधानी आहे.

शहर फार मोठं नाही. लोकसंख्या दीड लाखाहून कमी. एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना मोका डोंगररांग. तिथलं ले पूस हे शिखर ८१२ मीटर उंच आहे. डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सरकारी कार्यालयं, बँका, बाजार, मशीद, देवळं, चर्च आणि चायनाटाउन दाटीवाटीने वसलंय.

नावाचा उच्चारही जाता जाता समजून घेऊ. इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘एस’ येतो, म्हणून आपल्याकडे बरेच जण ‘पोर्ट लुईस’ म्हणतात. पण नाव फ्रेंच आहे, फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यावरून पडलेलं. त्यामुळे ‘लुई’ हा उच्चार जास्त जवळचा.

बंदर नेमकं इथेच का?

याचं उत्तर वाऱ्यात आहे.

१५९८ मध्ये डच खलाशी या बेटावर उतरले ते आग्नेय किनाऱ्यावर. तिथे एक मोठा, खोल उपसागर होता. डचांनी आपल्या राजपुत्राच्या, म्हणजे मॉरिसच्या नावावरून बेटाला मॉरिशस असं नाव दिलं. पण या भागात वर्षातला बराच काळ वारा आग्नेयेकडून वाहतो. शिडाच्या जहाजाला त्या बंदरात शिरणं सोपं होतं. बाहेर पडताना मात्र वारा समोरून यायचा आणि जहाजं अडकून पडायची.

वायव्य किनाऱ्यावर परिस्थिती नेमकी उलटी होती. तिथे डोंगर वारा अडवायचे, पाणी शांत असायचं आणि बाहेर पडताना वारा पाठीशी असायचा. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, पण इथे जहाज आत येईल एवढी खोल वाट होती. डचांनी ही जागा वापरली. पुढे १७१० मध्ये त्यांनी बेट सोडलं. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि नाव ठेवलं ‘इल द फ्रान्स’.

१७३५ मध्ये माहे द ला बुर्दोने हा फ्रेंच गव्हर्नर आला आणि त्याने या जागेचं शहर केलं. गोदी बांधली, इस्पितळ उभारलं, शहरात पाणी आणलं, तटबंदी केली. युरोपातून भारताकडे जाणारी जहाजं इथे थांबू लागली. पाणी भरायचं, अन्न घ्यायचं, दुरुस्ती करायची आणि पुढे पाँडिचेरीला निघायचं. हे सगळं बांधणाऱ्या हातांमध्ये आफ्रिका आणि मादागास्करमधून पकडून आणलेले गुलाम होते. भारतातून आणलेले कारागीरही होते.

इंग्रजांना हे बंदर डोळ्यांत सलायचं, कारण इथून निघालेली फ्रेंच जहाजं हिंदी महासागरात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लुटायची. शेवटी डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. त्या मोहिमेत भारतातून नेलेली फौज होती, देशी शिपाईही होते. बेटाचं नाव पुन्हा मॉरिशस झालं. पण तहात फ्रेंचांची भाषा, कायदे आणि मालमत्ता राखण्याचं वचन दिलं होतं. म्हणूनच आजही पोर्ट लुईत पाट्या इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरची बोली क्रिओल अशी तिहेरी तऱ्हा दिसते.

सोळा पायऱ्या

१८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर काढला आणि बेटावर उसाचं पीक झपाट्याने वाढलं. उसाला माणसं लागतात. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी बंद झाली. गुलाम मुक्त झाले. भरपाई मात्र मिळाली ती त्यांच्या मालकांना, सुमारे २० लाख पौंड. गुलामांना काहीच नाही.

मळेवाल्यांनी नवे मजूर शोधले ते भारतात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईत उतरले. गुलामांऐवजी करारावर मजूर आणता येतात का, हे ब्रिटिश सरकार इथे तपासून बघत होतं. प्रयोग त्यांच्या दृष्टीने यशस्वी झाला. मग हीच पद्धत गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी अशी जगभर गेली. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं आणि त्यावर अंगठा उठवणारा ‘गिरमिटिया’ झाला.

१८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून जास्त भारतीय पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. १८४९ मध्ये त्यांच्यासाठी खास आवार बांधण्यात आलं. बोटीतून उतरायचं, दगडी पायऱ्या चढायच्या आणि आवारात जायचं. पायऱ्या सोळा होत्या. आत दोन दिवस ठेवून तपासणी व्हायची, नाव लिहिलं जायचं, नंबर मिळायचा. मग मळ्यावर रवानगी.

करार सहसा पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात पुरुषाचा पगार महिन्याला ५ रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचे. १८६७च्या कायद्याने तर जुन्या मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगणं सक्तीचं केलं. पास नसेल तर अटक. त्याविरुद्ध हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज १८७१ मध्ये गेला आणि ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

या आवाराला तेव्हा ‘कुली घाट’ म्हणायचे. आज त्याचं नाव आहे आप्रवासी घाट. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. हायवे बांधताना मूळ आवाराचा मोठा भाग गेला. उरलाय तो एक हेक्टरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान तुकडा. त्या तुकड्यात सोळा पायऱ्या अजून आहेत. २ नोव्हेंबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

यात मराठी माणसं कुठे होती?

बहुतेक मजूर कलकत्ता बंदरातून गेले, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. त्याखालोखाल मद्रासहून तमिळ आणि तेलुगू. तिसरं बंदर मुंबई. मुंबईहून गेलेल्यांमध्ये रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली माणसं होती. ही वाहतूक मुख्यतः १८४० ते १८६०च्या दशकांतली. पुढे मुंबईत कापड गिरण्या वाढल्या, कोकणातल्या माणसाला जवळच काम मिळू लागलं आणि मॉरिशसची वाट ओस पडली.

त्यामुळे तिथला मराठी समाज संख्येने लहान राहिला. बेटाच्या पश्चिमेला ब्लॅक रिव्हर भागात, कास्कावेल, वाकोआ अशा ठिकाणी तो वस्ती करून आहे. घरात बोलली जाते ती बहुधा क्रिओल. मराठी आहे ती शाळेतल्या ऐच्छिक विषयात, देवळात, आरतीत आणि ‘झाकरी’त. झाकरी म्हणजे कोकणातल्या जाखडी नाचाचं तिथलं रूप. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. ‘मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन’ ही तिथल्या मंडळांची संघटना आहे.

एवढ्या लहान समाजाने देशाच्या कॅलेंडरवर मात्र ठसा उमटवलाय. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुट्टी असते. आणि ती बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी. कोकणातल्या घराघरांत बसतो तो दीड दिवसाचा गणपती आठवा, म्हणजे ही तारीख कुठून आली असावी ते लक्षात येईल. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा आपल्याकडेही या समाजाच्या बातम्या झळकल्या होत्या.

मॉरिशसचं चलनही रुपयाच आहे. तिथल्या नोटांवर इंग्रजीसोबत तमिळ आणि देवनागरी अक्षरं छापलेली असतात.

मधे शहराची पडझड झाली, ती का?

एकाच दारावर चालणाऱ्या देशाचा धोका हा, की दाराबाहेरची वाट बदलली तर काय?

१८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. युरोपातून भारताला येणाऱ्या जहाजांना आता आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. पोर्ट लुई त्यांच्या वाटेवर राहिलंच नाही. त्याच सुमारास, १८६६ ते १८६८ या काळात, मलेरियाची भीषण साथ आली. हजारो माणसं गेली. ज्यांना परवडत होतं ते लोक शहर सोडून वरच्या थंड पठारावर, क्युरेपिपसारख्या गावांत राहायला गेले. १८६४ मध्ये रेल्वे सुरू झालेली होतीच, त्यामुळे वर राहायचं आणि कामाला खाली बंदरात यायचं हे जमू लागलं. एप्रिल १८९२ मध्ये आलेल्या चक्रीवादळाने तर शहराचा मोठा भाग पाडला आणि सुमारे १,२०० जणांचा जीव गेला.

त्या वेळी लागलेली सवय अजून मोडलेली नाही. आजही बरेच लोक पठारावर राहतात आणि सकाळी पोर्ट लुईला कामाला येतात. दिवसभर रस्त्यांवर मुंगीला वाट नसते आणि संध्याकाळी पाच-सहानंतर शहर रिकामं होतं. रेल्वे १९५६ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. मग साठ वर्षं सगळा भार रस्त्यांवर. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचं उद्घाटन झालं. त्यासाठी भारताने आर्थिक मदत दिली आणि ती बांधली लार्सन अँड टुब्रो या भारतीय कंपनीने. पुढे ती क्युरेपिपपर्यंत गेली, म्हणजे जुन्या रेल्वेच्याच वाटेने लोक पुन्हा ये-जा करू लागले.

बंदर पुन्हा कसं उभं राहिलं?

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक झाला. ही तारीख निवडण्यामागे दांडी यात्रेची आठवण आहे. गांधीजी ज्या दिवशी साबरमतीहून निघाले तो हाच दिवस. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून भारतात येताना पोर्ट लुईत थांबले होते. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील तिथे गेले आणि मजुरांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले.

स्वातंत्र्याच्या वेळी देश जवळजवळ फक्त साखरेवर जगत होता. नव्या सरकारने ठरवलं की एकाच पिकावर विसंबून चालणार नाही. १९७०च्या दशकात निर्यातीसाठी कपड्यांचे कारखाने आले, मग पर्यटन वाढलं. १९८० मध्ये बंदरात साखरेचं मोठं टर्मिनल झालं. आधी पोती पाठीवर वाहून जहाजात चढवली जायची, आता साखर सुटी भरली जाऊ लागली. हमालांचं काम गेलं, पण बंदराचा वेग वाढला. १९९२ मध्ये ‘फ्रीपोर्ट’ सुरू झालं. म्हणजे माल बंदरात उतरवायचा, साठवायचा आणि तिथला आयात कर न भरता दुसऱ्या देशात पाठवायचा. १९९६ मध्ये जुन्या गोदीच्या काठावर दुकानं, हॉटेलं आणि फिरायची जागा असलेलं ‘कोदाँ वॉटरफ्रंट’ उघडलं.

२०२३च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून पुन्हा आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. दीडशे वर्षांपूर्वी पोर्ट लुईवरून सरकलेली वाट काही प्रमाणात परत त्याच्या बाजूने आली.

आणखी एक प्रकारचा माल या शहरातून जातो, तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे पैसा. १९८२ मध्ये भारत आणि मॉरिशसमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. मॉरिशसमधल्या कंपनीने भारतात शेअर विकून नफा कमावला, तर त्यावर भारतात कर लागत नसे. मग जगभरच्या गुंतवणूकदारांनी मॉरिशसमध्ये कंपन्या नोंदवल्या आणि तिथून भारतात पैसा आणला. बातम्यांत ‘मॉरिशस रूट’ हा शब्द येतो तो हाच. मे २०१६ मध्ये करारात बदल झाला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सवर भारतात कर लागू झाला. तरी भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीच्या यादीत एवढ्याशा देशाचं नाव वर दिसतं, त्यामागचं कारण हे आहे.

तांदूळ अडला तर?

भंडारा हा तांदळाचा जिल्हा. कारध्याच्या आसपासच्या बांध्यांत धान पिकतं आणि घरात भात लागतोच. मॉरिशसमध्येही रोजच्या जेवणात भात असतो. फरक एवढा, की तिथे धान जवळजवळ पिकतच नाही. तांदूळ जहाजातून येतो आणि पोर्ट लुईला उतरतो.

२० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात भाव वाढू नयेत म्हणून हा निर्णय होता. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाबद्दल. पण आयातीवर जगणाऱ्या देशांसाठी हा थेट ताटातल्या घासाचा प्रश्न होता. महिनाभराने, ३० ऑगस्टला, भारताने काही मित्रदेशांना सूट दिली. त्यात मॉरिशससाठी १४,००० टन तांदूळ मंजूर झाला. बंदी पूर्ण उठली ती सप्टेंबर २०२४ मध्ये.

१४,००० टन हा आकडा तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्याला किरकोळ वाटेल. पण दिल्लीत निघालेल्या एका कागदाचा परिणाम हजारो किलोमीटरवरच्या बाजारात कसा दिसतो, हे त्यातून समजतं. एकच दार असलेल्या घराला बाहेरच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष ठेवावं लागतं.

डोंगर जवळ आहेत, हाच धोका

जे डोंगर बंदराला वाऱ्यापासून वाचवतात, तेच शहराला पुरात लोटतात.

३० मार्च २०१३ रोजी दुपारी पोर्ट लुईत दोन तासांच्या आत १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. डोंगरावरचं पाणी थेट शहरात घुसलं. कोदाँजवळच्या पादचारी भुयारी मार्गात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये लोक अडकले. ११ जणांचा मृत्यू झाला. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि गाड्या वाहून गेल्या.

कारध्याचा पूर आणि पोर्ट लुईचा पूर यांत मोठा फरक आहे. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते. वरच्या धरणातून सोडलेलं पाणी कारध्याला पोचायला कित्येक तास लागतात. पातळी मोजता येते, इशारा देता येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुराने मोठं नुकसान केलं, पण पाणी कुठून येतंय हे माहीत होतं. पोर्ट लुईत डोंगराचा उतार दोन-तीन किलोमीटरवर आहे. पाऊस पडला आणि पाणी आलं, मधे वेळच नाही. त्यात जुने ओढे काँक्रीटखाली गेलेले, समुद्रात भराव टाकलेला आणि समुद्राची पातळी वाढतेय. एखाद्या शहराला दुसरीकडे सरकता येत नाही, आणि ज्या देशाचं सगळं याच बंदरातून चालतं त्याला तर मुळीच नाही.

सगळेच मनाने आले नव्हते

पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्यांची यादी केली तर त्यात स्वखुशीने आलेले कमीच. गुलाम साखळदंडात आले. गिरमिटियांपैकी अनेकांना नेमकं कुठे जातोय हेही नीट सांगितलेलं नव्हतं. आणि ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच संपली असंही नाही.

१९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसपासून चागोस बेटं तोडली. तिथल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारायचा होता. १९७३ पर्यंत तिथल्या दीड ते दोन हजार रहिवाशांना हलवण्यात आलं. बऱ्याच जणांना पोर्ट लुईत आणून सोडलं, ना घर ना काम. शेवटच्या खेपेतल्या लोकांनी तर बंदरात पोचल्यावर जहाजावरून उतरायलाच नकार दिला होता. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचा करार झाला. त्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात ठेवायची तरतूद आहे.

शहरात गेलात तर काय दिसेल?

विक्टोरिया स्टेशनवर मेट्रोतून उतरलं की जवळच जुना बाजार आहे. तिथे ‘धोल पुरी’ मिळते. चणाडाळ भरलेली मऊ पोळी, आत रस्सा आणि चटणी. पुरणातून गूळ काढून तिखटाची बाजू धरली तर जे होईल तसं काहीसं. डाळीचे तळलेले छोटे वडेही मिळतात, त्यांना फ्रेंचमध्ये ‘गातो पिमाँ’ म्हणतात.

टेकडीवर १८३४ ते १८४० या काळात इंग्रजांनी बांधलेला किल्ला आहे, फोर्ट अ‍ॅडलेड. तिथून बंदर, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि शहर एका नजरेत मावतं. ‘शाँ द मार्स’ या मैदानावर १८१२ पासून शर्यती होतायत. ‘ब्लू पेनी’ संग्रहालयात १८४७ची दोन पोस्टाची तिकिटं आहेत, जगातल्या सर्वांत मोलाच्या तिकिटांपैकी. उजेडाने रंग उडू नये म्हणून ती दिवसातून थोडाच वेळ प्रकाशात ठेवतात.

आणि आता त्या वहीबद्दल

आप्रवासी घाटावर उतरलेल्या माणसाची नोंद एका मोठ्या रजिस्टरमध्ये व्हायची. नंबर, नाव, वडलांचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जहाजाचं नाव, कुठल्या मळ्यावर पाठवलं आणि कुठल्या गावाहून, कुठल्या जिल्ह्यातून आला. कारकून परदेशी, मजूर निरक्षर. सांगणाऱ्याने कोकणी वळणाने सांगायचं आणि ऐकणाऱ्याने इंग्रजी-फ्रेंच कानांनी लिहायचं. गावांची नावं अशी काही बदलली की ओळखू येत नाहीत. आडनाव नोंदवायची पद्धतच नव्हती, त्यामुळे वडलांचं किंवा मजुराचं स्वतःचं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं.

ही रजिस्टरं आज महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. सत्ता चालवण्यासाठी लिहिलेला हा हिशेब आज उलट्या कामी येतोय. १२ मार्च २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पोर्ट लुईत होत्या. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळू शकेल, अशी घोषणा त्यांनी तिथे केली. ओसीआय म्हणजे भारतात व्हिसाशिवाय येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड. एरवी ही सवलत पणजोबांपर्यंतच्या नात्यावर मिळते. पण १८५०च्या आसपास गेलेल्या माणसाचा आजचा वंशज पाचव्या, सहाव्या पिढीतला असतो. त्याला पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे त्या वहीतली एक ओळ.

कार्डासाठी ती ओळ पुरते. गाव सापडण्यासाठी मात्र पुरत नाही. नोंदीत जिल्हा ‘रत्नागिरी’ आहे, पण गावाचं नाव वाचता येत नाही, तालुक्यांच्या हद्दी बदलल्यात, आणि गावात आडनावाने चौकशी करावी तर आडनावच नाही. म्हणून तिथून येणारी माणसं अंदाजाने फिरतात. एखादं नाव जुळतं का बघतात, देवळात विचारतात, म्हाताऱ्या माणसांना गाठतात. कोकणात किंवा साताऱ्याकडे तुमचं गाव असेल आणि कधी एखादा अनोळखी पाहुणा मोडक्या मराठीत दीडशे वर्षांपूर्वीचं नाव घेऊन आला, तर त्याला नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून परत पाठवू नका. गावाची जुनी नावं, वाड्यांची नावं, कुणाच्या घरात ‘आमच्यातला एक जण जहाजावर गेला होता’ अशी आठवण, यातलं काहीही त्याच्या कामाचं असतं. पोर्ट लुईच्या कारकुनाने अर्धवट ऐकून लिहिलेलं गावाचं नाव दुरुस्त करू शकेल असं माणूस फक्त त्या गावातच सापडतं.